सोया डीओसी कमी करून लायसिन वाढवले, तरी पिल्लांचे वजन का घटले?

प्रश्न : औसा, जि. लातूर

नमस्कार. औसा तालुक्यात माझे तीन हजार ब्रॉयलर पक्ष्यांचे शेड आहे. चार वर्षे मी करार पद्धतीने पक्षी वाढवले. गेल्या दीड वर्षापासून पिल्ले स्वतः विकत घेतो आणि खाद्यही घरच्या ग्राइंडर-मिक्सरवर तयार करतो. मका सिल्लोड भागातून येतो आणि सोया डीओसी (तेल काढून घेतलेल्या सोयाबीनची पेंड) लातूरहूनच मिळते.

माझ्या स्टार्टरचे (पहिल्या तीन आठवड्यांच्या खाद्याचे) पूर्वीचे प्रमाण १०० किलोला असे होते: मका ५७ किलो, सोया डीओसी ३६ किलो, तेल ३ किलो आणि उरलेल्या ४ किलोत डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, ३५० ग्रॅम मीठ, जीवनसत्त्वे व खनिजांचे मिश्रण आणि २०० ग्रॅम डीएल-मिथिओनिन (प्रथिनाचा घटक असलेले एक अमिनो आम्ल). या खाद्यावर बॅच समाधानकारक निघत असे. मध्यंतरी डीओसी महाग झाली, तेव्हा खाद्यपूरके विकणाऱ्या एका दुकानदाराने सुचवले की डीओसी ६ किलोने कमी करावी, तेवढा मका वाढवावा आणि १०० किलोला ३०० ग्रॅम लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल घालावे, म्हणजे प्रथिनांची कसर भरून निघेल. त्याप्रमाणे मी मका ६३ किलो, डीओसी ३० किलो आणि ३०० ग्रॅम लायसिन असे खाद्य केले. बाकी काहीही बदलले नाही.

एकविसाव्या दिवशी पन्नास पक्षी तोलले, तेव्हा सरासरी वजन मागच्या बॅचपेक्षा ९० ग्रॅमने कमी भरले. पिसांची वाढ एकसारखी नाही. कित्येक पिल्लांच्या पाठीवर अजून उघडी लालसर कातडी दिसते, पंखाची पिसे एका बाजूला लांब तर दुसऱ्या बाजूला खुरटी आहेत आणि काही पिल्ले एकमेकांची शेपटीची पिसे उपटून खात आहेत. मरतूक वाढलेली नाही आणि खाद्यही पूर्वीइतकेच खातात. घरी खाण्यासाठी दोन पक्षी कापले तर पोटात पूर्वीपेक्षा जास्त चरबी आढळली.

लायसिनने असे होऊ शकते काय? ही अमिनो आम्ले नेमकी किती घालावीत, आणि डीओसी कुठपर्यंत कमी करता येते? गावातील काही गिऱ्हाइके विचारतात की हे एखादे हार्मोन तर नाही ना. त्यांना काय सांगावे, हेही कळवावे.

उत्तर १ : परभणी (पशुपोषण हा शिक्षणाचा व कामाचा विषय)

आपण प्रमाणे पूर्ण दिली, त्यामुळे हिशेब मांडता आला. दोष लायसिनचा नाही. लायसिनच्या बरोबरीने जे वाढायला हवे होते ते वाढले नाही, उलट घटले, हा आहे.

कोंबडीला ‘प्रथिन’ म्हणून प्रथिनाची गरज नसते. तिला त्या प्रथिनातील वेगवेगळी अमिनो आम्ले ठराविक प्रमाणात हवी असतात. त्यांपैकी एक जरी कमी पडले, तरी शरीरात मांस आणि पिसे तयार होण्याचे काम त्या सर्वांत कमी पडलेल्या आम्लाच्या मर्यादेपर्यंतच चालते आणि बाकीची शिल्लक राहिलेली अमिनो आम्ले मोडीत निघून त्यांतील नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतून बाहेर जातो. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर तुरीचे वरण खातात, त्यातही हेच साधले जाते, कारण ज्वारीत लायसिन अगदी कमी असते आणि तुरीत ते भरपूर असते. भाकरी कितीही वाढवली तरी वरणाची जागा ती घेऊ शकत नाही.

मका आणि सोयाबीन यांच्या खाद्यात ब्रॉयलरला सर्वांत आधी कमी पडते ते मिथिओनिन (त्यापासून शरीरात बनणाऱ्या सिस्टिनसह), त्यानंतर लायसिन आणि तिसऱ्या क्रमांकावर थ्रिओनिन. आपण दुसऱ्या क्रमांकाची उणीव भरली आणि पहिली व तिसरी आणखी वाढवली. आकडे पाहू. मक्यात लायसिन सुमारे ०.२५ टक्के, मिथिओनिन व सिस्टिन मिळून ०.३७ टक्के आणि थ्रिओनिन ०.२९ टक्के असते. चांगल्या सोया डीओसीत हेच आकडे अनुक्रमे २.७५, १.२८ आणि १.७५ टक्के धरता येतात. त्यावरून आपल्या जुन्या खाद्यात लायसिन १.१३ टक्के, मिथिओनिन-सिस्टिन ०.८७ टक्के आणि थ्रिओनिन ०.८० टक्के येत होते. नव्या खाद्यात लायसिन १.२२ वर गेले, परंतु मिथिओनिन-सिस्टिन ०.८१ वर आणि थ्रिओनिन ०.७१ वर उतरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात पहिल्या तीन आठवड्यांसाठी लायसिन १.१०, मिथिओनिन-सिस्टिन ०.९० आणि थ्रिओनिन ०.८० टक्के दिले आहे. तो तक्ता आता जुना झाला असून आजच्या वेगाने वाढणाऱ्या जातींना लायसिन त्याहून अधिक लागते, आणि लायसिन वाढवले की बाकीच्यांनाही त्याच्या प्रमाणात वर न्यावे लागते. हल्ली पचनीय लायसिन १०० धरले तर मिथिओनिन-सिस्टिन सुमारे ७५, थ्रिओनिन ६५ ते ६७ आणि व्हॅलिन ७५ ते ७७ असे गुणोत्तर ठेवतात.

पिसांबद्दल आपण लिहिलेले निरीक्षण अगदी नेमके आहे. पिसे केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात आणि केराटिनमध्ये सिस्टिन फार मोठ्या प्रमाणात असते. हे सिस्टिन पक्ष्याचे शरीर मिथिओनिनपासून तयार करते. मिथिओनिन तुटपुंजे झाले की त्याची झळ पिसांना लवकर बसते, आणि पिल्ले पिसे उपटून खाऊ लागली तर त्यामागील एक कारण हेच असू शकते. (गर्दी, प्रखर उजेड आणि मिठाची कमतरता यांमुळेही पिसे खाण्याची सवय लागते, तेही एकदा तपासावे.) पोटातील चरबीचा उलगडाही याच हिशेबात होतो: सहा किलो मका वाढल्याने ऊर्जा वाढली, वापरता येण्याजोगे प्रथिन कमी झाले, आणि जी ऊर्जा मांस बनवण्यात खर्च व्हायची ती चरबी होऊन साठली.

आता प्रमाण काय ठेवावे. स्टार्टरमध्ये डीओसी एकदम ३० किलोवर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिथिओनिन २९० ग्रॅम आणि थ्रिओनिन ९५ ग्रॅम घालून वरील तीन आकडे जुळवता येतील, परंतु तेवढ्या डीओसीवर व्हॅलिन आणि आर्जिनिनही काठावर येतात. आर्जिनिन पक्ष्याला स्वतःच्या शरीरात तयारच करता येत नाही, आणि लायसिन प्रमाणाबाहेर वाढले तर मूत्रपिंडात आर्जिनिनचा नाश वाढतो, म्हणून एका बाजूने लायसिन वाढवत जाणे आणि दुसऱ्या बाजूने आर्जिनिन कमी करत जाणे हे पिल्लाच्या वयात धोक्याचे आहे. त्याऐवजी १०० किलोला मका ६० किलो, डीओसी ३३ किलो, लायसिन २०० ग्रॅम, डीएल-मिथिओनिन २६० ग्रॅम आणि थ्रिओनिन ५० ग्रॅम घ्यावे. यात लायसिन १.२१, मिथिओनिन-सिस्टिन ०.९० आणि थ्रिओनिन ०.८० टक्के येते. प्रथिन मोजले तर ते २०.३ टक्क्यांच्या आसपास भरेल, म्हणजे आपल्या जुन्या खाद्यातील २१.२ टक्क्यांपेक्षा कमी. तरीही पिल्लाच्या दृष्टीने हे खाद्य जुन्यापेक्षा सरस आहे. पिशवीवरील प्रथिनाच्या टक्केवारीला आपण शेतकरी जे महत्त्व देतो, ते मला म्हणूनच अनाठायी वाटते.

फिनिशरमध्ये, म्हणजे बाविसाव्या दिवसानंतर, गरज टक्केवारीने कमी होते. तेथे डीओसी अधिक कमी करण्यास वाव असतो, पण तेव्हाही तिन्ही अमिनो आम्लांचा हिशेब एकत्रच करावा.

खरेदी करताना एक गोष्ट अवश्य पाहावी. लायसिन दोन रूपांत मिळते. ‘एल-लायसिन एचसीएल ९८.५ टक्के’ असे लिहिलेले असते ते त्या क्षाराच्या शुद्धतेविषयी. त्यात प्रत्यक्ष लायसिन सुमारे ७८ टक्के असते आणि वरचा सर्व हिशेब मी त्यावर केला आहे. दुसरे रूप लायसिन सल्फेटचे. त्यात लायसिन साधारण ५५ टक्के असते. दुकानदाराने स्वस्त म्हणून सल्फेट दिले आणि आपण ग्रॅम तेवढेच घातले, तर जवळजवळ तीस टक्के लायसिन कमी पडेल. सल्फेट वाईट असते असे नाही. फक्त दर आणि प्रमाण दोन्ही प्रत्यक्ष लायसिनवर काढावेत. मिथिओनिनचेही द्रवरूप येते, ते भुकटीच्या बरोबरीने ग्रॅमला ग्रॅम धरू नये.

हार्मोनच्या प्रश्नावर गिऱ्हाइकांना निःशंकपणे सांगावे की ही संप्रेरके नाहीत, प्रतिजैविके नाहीत आणि औषधेही नाहीत. लायसिन आणि थ्रिओनिन साखर किंवा स्टार्चवर जिवाणू वाढवून, आंबवण्याच्या क्रियेने काढतात. १९५० च्या दशकात जपानमध्ये सापडलेल्या एका जिवाणूमुळे हा उद्योग उभा राहिला. मिथिओनिन रासायनिक पद्धतीने तयार होते. त्यात डी आणि एल ही दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात; कोंबडीचे शरीर डी रूपाचे एल रूपात रूपांतर करते आणि मग ते डाळीतून किंवा अंड्यातून आलेल्या मिथिओनिनहून वेगळे राहत नाही. मात्र ‘थोडे जास्त घातले तर बिघडत नाही’ हा विचार मिथिओनिनच्या बाबतीत करू नये, कारण सर्व अमिनो आम्लांत अतिरेक झाल्यास सर्वाधिक अपाय करणारे तेच आहे. प्रमाण फार चढले की पक्षी खाणे सोडतो आणि वाढ खुंटते.

उत्तर २ : जिंतूर, जि. परभणी (लहान खाद्यगिरणी चालवतो)

वरील उत्तरात कागदावरचा हिशेब आला आहे. तो मिक्सरमधून पिल्लाच्या चोचीपर्यंत पोहोचतो का, याविषयी मी लिहितो.

पहिले, आपण ही पूरके कशाने मोजता? सुरुवातीची दोन वर्षे मी सर्व पूरके एकाच पत्र्याच्या मापट्याने घालत असे. एकदा लायसिन तोलून त्या मापट्यावर खूण केली होती आणि त्याच खुणेपर्यंत मिथिओनिनही भरत होतो. प्रत्येक भुकटीचे आकारमान वेगळे असते, दाबून भरली तर वेगळी भरते, पावसाळ्यात ओल धरली तर आणखी वेगळी. ज्या दिवशी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणून तोलले, त्या दिवशी कळले की मी कित्येक महिने मिथिओनिन कमी घालत होतो. तेव्हापासून एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला काटा गिरणीत ठेवला आहे आणि प्रत्येक पूरक वेगळ्या पिशवीत तोलून, वर नाव लिहूनच मिक्सरजवळ जाते.

दुसरे, थ्रिओनिनचे ५० ग्रॅम १०० किलोत सारखे पसरणे ही साधी गोष्ट नाही. ते थेट मिक्सरमध्ये ओतले तर एका बाजूच्या पोत्यात जास्त आणि दुसऱ्या पोत्यात नावालाही नाही, असे होते, आणि मग एकाच शेडमध्ये काही पिल्ले जोमदार तर काही खुरटलेली दिसतात. त्यासाठी सर्व पूरके आधी पाच किलो बारीक भरड्यात हाताने नीट कालवावीत, ते मिश्रण आणखी दहा किलो भरड्यात मिसळावे आणि मग मिक्सरमध्ये निम्मा मका व डीओसी पडल्यावर मध्ये घालावे. उभ्या स्क्रूच्या मिक्सरला पंधरा मिनिटे तरी द्यावीत. आडव्या पट्टीच्या मिक्सरला त्याहून बराच कमी वेळ पुरतो. तेल सर्वांत शेवटी, धार धरून सोडावे, नाहीतर भुकटीचे गोळे होतात. उभ्या मिक्सरच्या तळाला जे दोन-चार किलो अडकून राहते, ते काढून पुन्हा वरून टाकावे. माझ्या अनुभवात न मिसळलेली पूरके बहुतेक तिथेच सापडतात.

तिसरे, माल खरा आहे का. डीएल-मिथिओनिनला गंधकासारखा उग्र वास असतो आणि त्याचे कण चमकदार असतात, पण केवळ वासावर विसंबू नये. एक ग्रॅम भुकटी अर्धा पेला (सुमारे शंभर मिलिलिटर) कोमट पाण्यात ढवळली तर ती पूर्ण विरघळून पाणी निवळ राहायला हवे. तळाला पांढरा गाळ बसला तर त्यात चुनखडी, स्टार्च किंवा तत्सम काहीतरी मिसळले आहे, असे समजावे. तसेच चिमूटभर भुकटी जुन्या स्टीलच्या चमच्यावर घेऊन मोकळ्या हवेत चांगली जाळली तर शुद्ध मिथिओनिनची राख जवळजवळ उरत नाही. धूर मात्र नाकात घेऊ नये. या घरगुती परीक्षांनी ढोबळ भेसळ पकडता येते, नेमके प्रमाण कळत नाही. मोठी खरेदी करण्यापूर्वी प्रयोगशाळेचा अहवाल मागावा.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे : औसा

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. मापट्याची गोष्ट वाचून मी लगेच काटा आणला. मी ज्या डब्याने ‘२०० ग्रॅम’ मिथिओनिन घालत होतो, तो तीन वेळा भरून तोलला. तिन्ही वेळा १६० ते १७० ग्रॅमच भरले. म्हणजे कागदावर जे ०.८१ दिसते, ते माझ्या खाद्यात त्याहूनही कमी होते. पिसांची अवस्था का झाली, हे आता समजले.

आणखी तीन शंका आहेत. एका औषध दुकानातून मला पाण्यातून देण्याचे अमिनो आम्लांचे टॉनिक सुचवले गेले. या बॅचला ते दिले तर उणीव भरेल काय? दुसरे, डीओसी दोन वेगवेगळ्या पोत्यांची दिसायलाच वेगळी आहे: एकीचा रंग फिकट पिवळा, दुसरीचा तांबूस तपकिरी आणि वास थोडा करपलेला. दोन्हींचे प्रथिन ४५ टक्क्यांहून अधिक असल्याचे विक्रेता सांगतो. तिसरे, पुढची बॅच ऐन एप्रिल-मेमध्ये निघेल. आमच्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा खाद्यात काय बदल करावा?

उत्तर ३ : परभणी (उत्तर १ चे लेखक)

टॉनिकचा हिशेब आपणच करून पाहावा. आपल्या खाद्यात मिथिओनिनची तूट, डब्याचा दोष धरून, किलोला एक ग्रॅमहून अधिक होती. तीन आठवड्यांचे पिल्लू दिवसाला ढोबळमानाने ८० ते १०० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे तीन हजार पिल्लांची मिथिओनिनची रोजची तूट तीनशे ग्रॅमच्या आसपास जाते. आता टॉनिकच्या बाटलीवर मिथिओनिन किती मिलिग्रॅम लिहिले आहे ते वाचावे आणि तीनशे ग्रॅमसाठी रोज किती बाटल्या लागतील ते काढावे. आजारातून उठलेल्या किंवा प्रवासाने थकलेल्या पिल्लांना दोन दिवस पाण्यातून काही देणे वेगळे. खाद्यातील रोजची उणीव बाटलीने भरत नाही. त्या पैशात मिथिओनिनची भुकटी घेऊन आजच्या आज खाद्य दुरुस्त करावे. गेलेले वजन सगळे परत येईल असे मी म्हणणार नाही, पण नवी पिसे आठ-दहा दिवसांत धरताना दिसतील.

तांबूस डीओसीची शंका फार महत्त्वाची आहे, आणि माझ्या मते आपल्या भागातील घरगुती खाद्य करणाऱ्यांनी सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यायला हवे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य निकामी करणारे घटक असतात. त्यामुळे प्रथिन पचत नाही आणि पक्ष्याचे स्वादुपिंड वाढते. उष्णता दिल्यावर ते घटक नष्ट होतात, परंतु उष्णता प्रमाणाबाहेर गेली तर लायसिन शर्करेशी जखडले जाते आणि पोटात गेले तरी उपयोगी पडत नाही. दूध फार आटवले की त्याचा रंग बदलतो, त्यामागेही हीच क्रिया असते. करपलेल्या डीओसीचे प्रथिन प्रयोगशाळेत ४५ टक्केच भरेल, कारण ती परीक्षा फक्त नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. या परीक्षेला युरियाही प्रथिनच वाटतो: १०० किलो डीओसीत एक किलो युरिया मिसळला, तर अहवालात प्रथिन सुमारे अडीच टक्क्यांनी वाढलेले दिसते आणि कोंबडीला त्यातले काहीही मिळत नाही. गाय-म्हैस युरियाचा थोडाफार उपयोग करून घेते, कारण तिच्या पोटातले जिवाणू त्यापासून प्रथिन बनवतात; कोंबडीकडे ती सोय नाही.

म्हणून डीओसीच्या नमुन्याच्या तीन परीक्षा मागाव्यात. युरिएज परीक्षेत सामू (पीएच) ०.०५ ते ०.२० इतका वाढला तर भाजणी योग्य; त्याहून जास्त वाढला तर डीओसी कच्ची आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील विद्राव्यता साधारण ७५ ते ८५ टक्के असावी. ती बरीच खाली गेली तर डीओसी करपलेली आहे. आणि युरियाची वेगळी तपासणी करून घ्यावी. आपल्याला उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, परभणीलाही आहे. तेथील पशुपोषण विभागात नमुना तपासणीबाबत विचारणा करावी. तोपर्यंत तांबूस पोती पिल्लांच्या खाद्यात वापरू नयेत.

उन्हाळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मराठवाड्यात अमिनो आम्लांचा खरा लाभ मला उन्हाळ्यातच दिसतो. जादा प्रथिन मोडताना शरीरात उष्णता तयार होते. जानेवारीत ही उष्णता पक्ष्याला जड जात नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पक्षी चोच उघडून धापा टाकत असताना, तीच उष्णता जीवावर बेतते. शिवाय त्या प्रथिनातला नायट्रोजन यूरिक आम्ल होऊन बाहेर टाकताना पक्षी अधिक पाणी पितो, गादीचा तूस ओला होतो, अमोनिया सुटतो आणि तळपायाला जखमा होतात. उन्हाळ्यात पक्षी मुळात कमी खातो म्हणून प्रथिनाची टक्केवारी चढवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. एकूण प्रथिन एक-दीड टक्क्याने उतरवावे आणि लायसिन, मिथिओनिन व थ्रिओनिन यांची टक्केवारी मात्र थोडी चढवावी, म्हणजे कमी खाद्यातही पक्ष्याला ग्रॅममध्ये पुरेसे मिळते आणि मोडीत काढण्याजोगे शिल्लक फारसे राहत नाही. स्टार्टरसाठी मी दिलेले ३३ किलोचे प्रमाण त्या दिशेनेच आहे. एकूण प्रथिन १९ टक्क्यांच्या खाली मात्र पिल्लांच्या वयात नेऊ नये, कारण तेथून पुढे ग्लायसिनसारखी, एरवी हिशेबात न घेतली जाणारी अमिनो आम्लेही कमी पडू लागतात.

याला जोडून एक दुरुस्ती सहसा राहून जाते. डीओसीत पोटॅशियम सुमारे दोन टक्के असते. डीओसी कमी केली की तेही कमी होते. दुसरीकडे लायसिन एचसीएलच्या प्रत्येक किलोबरोबर सुमारे १९० ग्रॅम क्लोराइड खाद्यात जाते. सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांचा तोल असा आम्लाकडे झुकणे उन्हाळ्यात बरे नव्हे. धापा टाकून टाकून पक्ष्याच्या रक्तातला तोल आधीच ढळलेला असतो. म्हणून १०० किलोला ३५० ग्रॅम मिठाऐवजी २५० ग्रॅम मीठ आणि १५० ग्रॅम खाण्याचा सोडा घ्यावा. सोडियम जवळजवळ पूर्वीइतकेच राहते आणि क्लोराइड उतरते. सोड्याचा हा बदल अगदी थोड्या खर्चाचा आहे आणि मी तो मनापासून सुचवतो.

उत्तर ४ : अंबाजोगाई, जि. बीड

मी पंधरा वर्षे ब्रॉयलर करतो. उन्हाळ्यात वरील खाद्याबरोबर वेळही सांभाळावी: सकाळी दहा वाजता खाद्याची भांडी वर उचलावीत आणि संध्याकाळी पाचनंतर खाली सोडावीत, म्हणजे पचनाची उष्णता भर दुपारी येत नाही. पहाटे चारला दिवे लावून खाऊ घालावे.

डीओसीला पर्याय म्हणून सूर्यफुलाची किंवा करडईची पेंड घालावी का, असा विचार आपल्या मनात येईल, कारण ती आपल्या भागात मिळते. सूर्यफुलाच्या पेंडीत मिथिओनिन चांगले असते पण लायसिन कमी. करडईच्या पेंडीतही लायसिन कमी आणि टरफलामुळे चोथा जास्त. मी फिनिशरमध्ये सूर्यफुलाची पेंड चार किलोपर्यंत वापरली आहे, लायसिन वाढवून. पिल्लांना कधीही दिली नाही. सरकीची पेंड तर ब्रॉयलरला घालूच नये. तिच्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लायसिनला जखडून ठेवते.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे : औसा

आठ दिवसांनी लिहीत आहे. तांबूस डीओसीची चौदा पोती बाजूला काढली असून दोन्ही पोत्यांचे नमुने तपासणीसाठी दिले आहेत. मिथिओनिनची भुकटी पाण्यात पूर्ण विरघळली. माल खरा होता, माझा डबाच खोटा होता. चालू बॅचच्या उरलेल्या खाद्यात तोलून मिथिओनिन व थ्रिओनिन घातले आहे, आणि पिसे उपटण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले आहे. पाठीवर नव्या पिसांच्या काड्या फुटलेल्या हाताला लागतात.

पुढच्या बॅचला शेडच्या एका टोकाला जाळी लावून दोनशे पिल्ले ३६ किलो डीओसीच्या जुन्या खाद्यावर आणि शेजारी दोनशे पिल्ले ३३ किलोच्या नव्या खाद्यावर ठेवण्याचे ठरवले आहे. दर सोमवारी दोन्हीकडचे तीस-तीस पक्षी तोलीन आणि खाल्लेले खाद्यही वेगळे लिहून ठेवीन. ही तुलना करताना काही काळजी घ्यावी लागेल काय?

उत्तर ५ : परभणी (उत्तर १ चे लेखक)

दोन्ही खण शेडच्या एकाच टोकाला, एकाच बाजूला घ्यावेत. एक पश्चिमेच्या भिंतीला आणि दुसरा मध्यभागी असेल, तर उन्हाचा फरक खाद्याच्या फरकाहून मोठा ठरेल. पिल्ले पहिल्या दिवशी तोलूनच वाटावीत. दोन्ही खाद्यांना डीओसी एकाच पोत्यांच्या ढिगातली वापरावी आणि जुन्या खाद्यातले २०० ग्रॅम मिथिओनिनही या वेळी काट्यावर तोलूनच घालावे, नाहीतर तुलना डब्याशी होईल. तोलण्याआधी तीन तास खाद्य उचलावे. तपासणीचा अहवाल आला की विद्राव्यतेचा आकडा येथे लिहावा. तो पाहून लायसिनचे २०० ग्रॅम कायम ठेवायचे की वाढवायचे, ते सांगता येईल.